जुळ्या शब्दांचा दवाखाना

दवाखान्यात प्रत्येक गोष्टीचं रजिस्टर असतं. जन्माचं वेगळं, औषधांचं वेगळं, ॲडमिशनचं वेगळं. फक्त किश्श्यांचं रजिस्टर कोणी ठेवत नाही, आणि ठेवलं असतं तर तेच सगळ्यात आधी भरलं असतं! दुपारी ओपीडी संपली की आम्ही चहाला बसतो, कोणीतरी म्हणतं, "आज काय झालं माहितीये का?" आणि चहा हमखास गार होतो.

मी वंदना. जळगावात मेहरूणकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक छोटं प्रसूतिगृह आहे, तिथे बारा वर्षं काउंटरवर बसतेय. नंबर देते, फोन घेते, सर्टिफिकेटं टाइप करते. आमच्या डॉक्टर मॅडम कमी बोलतात, पण बोलल्या की तिसऱ्या खोलीतला पेशंट उठून बसतो. नसीमआपा आमच्या हेड सिस्टर. अर्ध्या जळगावाला पहिली आंघोळ आपणच घातली, असं त्यांचं म्हणणं आहे आणि ते फारसं खोटंही नाही. प्रकाशभाऊ ॲम्ब्युलन्स चालवतात, आणि ॲम्ब्युलन्स उभी असली की बाकी सगळ्या कामांत लक्ष घालतात.

जुळी बाळं झाली की नसीमआपा सगळ्यात आधी त्यांच्या मनगटाला पट्ट्या बांधतात, अदलाबदल नको म्हणून. पण इंग्रजीत जे जुळे शब्द आहेत, ऐकायला सारखे आणि अर्थाने दोन टोकांना, त्यांना पट्ट्या कोण बांधणार? त्या शब्दांपायी आम्ही इतके धक्के खाल्लेत की बीपीचं मशीन पेशंटपेक्षा आम्हालाच जास्त लागावं.

* * *

एकदा धुळ्याचे एक गृहस्थ आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाईल, बोलणं अगदी अदबीचं. म्हणाले, "मुलीचं नाव नोंदवायचं होतं."

पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे वडील चौकशीला येतात, यात नवल काही नाही. मी रजिस्टर उघडलं.

"मुलगी आली नाही का?"

"तिला कशाला? आधी आपण मोठ्या माणसांनी बोलून घेऊ."

"पहिलंच आहे का?"

"हो, पहिलंच. थोरली आहे ना."

"कितवा महिना?"

ते जरा विचारात पडले. "मे महिन्यात झालेलं बरं. सगळ्यांना सुट्ट्या असतात."

असे हौशी लोक असतात. मी पुढचा रकाना घेतला. "मिस्टर काय करतात तिचे?"

"ते तर तुम्ही सांगायचं ना, ताई!"

माझं पेन जागच्या जागी थांबलं. त्यांनी फाईल उघडून मुलीचा फोटो आणि बायोडाटा काउंटरवर ठेवला. उंची पाच फूट तीन इंच, वर्ण निमगोरा, शिक्षण बी.एस्सी., अपेक्षा निर्व्यसनी मुलाची. बाहेर इंग्रजीत 'मॅटर्निटी होम' असा बोर्ड आहे. त्यांनी तो 'मॅट्रिमोनी' वाचला होता.

हे सगळं मी हळू आवाजात सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहवेना. लग्न न झालेल्या लेकीचं नाव आपण कुठे लिहायला निघालो होतो, हे कळल्यावर ते खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. फाईल छातीशी घट्ट धरून निघाले, तर दारात प्रकाशभाऊ उभे. त्यांना धीर द्यायचा होता, दुसरं काही नाही. म्हणाले, "काका, मनाला लावून घेऊ नका. दीड-दोन वर्षांनी या, तुमचा नंबर पहिला लावतो."

* * *

प्रकाशभाऊंच्या धीर देण्याला आम्ही फार घाबरतो, त्याला कारण आहे.

धरणगावकडची एक सून ॲडमिट होती. कळा थांबल्या, बाळ अडलं, मॅडमनी सकाळीच सीझर केलं. मुलगा झाला, दोघं छान. नवरा औषधं आणायला गेलेला आणि त्याचा फोन खोलीतच वाजत होता. गावाहून सासऱ्यांचा होता. प्रकाशभाऊंनी उचलला आणि चांगली बातमी द्यायची म्हणून ओरडून सांगितलं, "नाना, सून सीझर झाली!" मग रेंज गेली.

नाना शेतात होते. कापसाची वेचणी चालली होती. त्यांना ऐकू आलं, 'सून सिरीयस झाली.'

दीड तासात आमच्या दारात ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॉलीत तीस तरी माणसं. बायकांच्या केसांना, पदरांना कापूस चिकटलेला, तशाच उठून आलेल्या. सगळ्यांचे डोळे लाल, कोणी मोठ्याने रडत नव्हतं, आणि ते जास्तच भयंकर वाटत होतं. मी काउंटरवरून उठून उभी राहिले. मला वाटलं, आत काहीतरी घडलं आणि मलाच कोणी सांगितलं नाही.

नानांनी नसीमआपांचे दोन्ही हात धरले. म्हणाले, "बहीण, शेवटचं तोंड तरी दाखवा."

आपांना वाटलं, माणूस घाईत बोलतोय. त्या आत गेल्या, बाळाला दुपट्यात गुंडाळून घेऊन आल्या आणि नानांच्या हातात देत म्हणाल्या, "शेवटचं काय म्हणताय, पहिलं म्हणा."

नाना कितीतरी वेळ बाळाकडे बघत राहिले. मग विचारायची हिंमत केली, "आणि याची आई?"

"ती मघापासून पाणी मागून भांडतेय आमच्याशी."

तेव्हा कुठे ती तीस माणसं मोठ्याने रडली! सगळा दवाखाना गोळा झाला. मॅडमनी प्रकाशभाऊंना बोलावून बजावलं, की पुन्हा फोनवर इंग्रजी शब्द वापरायचा नाही, सरळ मराठीत सांगायचं. प्रकाशभाऊंनी मान डोलावली. दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांना फोनवर बोलताना ऐकलं, "काही काळजी करू नका आई, तुमच्या मुलीचं पोट फाडलंय."

* * *

ओपीडीत लोक फार घाई करतात, नंबरावरून भांडतात, म्हणून मॅडम म्हणाल्या, 'जरा धीर धरा' असा एक चांगला बोर्ड लावा, इंग्रजीत, छापील, 'कीप पेशन्स'. काम कोणाकडे गेलं ते सांगायला नको. प्रकाशभाऊंनी बोर्ड करून आणला, भिंतीवर बाकाच्या वर ठोकला, आम्हीही कोणी नीट वाचला नाही. पेशन्स आणि पेशंट्स यांत स्पेलिंगचा असा कितीसा फरक?

चार दिवसांनी नसीमआपा वॉर्डात गेल्या तर एक खाट रिकामी. कालच बाळंत झालेली बाई गायब! बाळ पाळण्यात, आई नाही. बाथरूम पाहिलं, जिना पाहिला, गच्ची पाहिली. शेवटी ती सापडली बाहेर ओपीडीत, बोर्डाखालच्या बाकावर. आडवी झोपलेली, उशाला घरचं गाठोडं, शेजारी दीर सलाईनची बाटली हातात उंच धरून उभा.

दीर कॉलेजात शिकलेला होता. आपा त्याच्यावर तुटून पडल्या तर तो शांतपणे बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाला, "मलाही पटलं नव्हतं सिस्टर, पण पेशंट इथेच ठेवा असं तुम्हीच लिहिलंय."

* * *

एका पोरीची सोनोग्राफी झाली. नाळेचे दोन वेढे बाळाच्या गळ्याभोवती दिसत होते. असं पुष्कळदा असतं, पण लक्ष ठेवावं लागतं. मॅडमनी नवऱ्याला बाहेर बोलावून सांगितलं, "बाळाच्या गळ्यात कॉर्ड आहे. दोन आहेत. घाबरू नका, पण उद्या परत या."

नवऱ्याचा चेहरा पडला. माझा पण पडला. शेजारी मुलीचे आजोबा बसले होते, धोतर, टोपी, हातात काठी. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र भीती नव्हती, भलतंच आश्चर्य होतं. ते उठून माझ्याजवळ आले आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "बाई, पोटमाच कार्ड दी ऱ्हायनात का आते?"

आता पोटातच कार्ड द्यायला लागलेत का, म्हणे! मला हसू आवरेना. पण आजोबांचं समाधान झालं नव्हतं. ते परत जवळ वाकले.

"एक आधारनं व्हई. दुसरं कसानं शे?"

* * *

रावेरचा एक तरुण नवरा होता, त्याचं मात्र मला आजही वाईट वाटतं. कृषी केंद्रात कामाला. दिवसभर फवारणीच्या बाटल्या काढायच्या, तारीख बघायची, मुदत संपलेला माल बाजूला ठेवायचा, हेच त्याचं काम.

बायकोला पहिल्यांदा घेऊन आला तेव्हा भारी गप्पिष्ट. रावेरची केळी, ट्रॅक्टर, सासूबाईंचा स्वयंपाक, सगळं आम्हाला सांगून झालं. पुढच्या खेपेपासून मात्र एकदम गप्प. बायकोच्या चपला स्वतः वाकून काढायचा, तिला पंख्याखाली बसवायचा, तिच्याकडे एकटक बघत राहायचा. आम्ही आपापसांत म्हणायचो, नवरा असावा तर असा! नसीमआपांनी तर घरी जाऊन आपल्या नवऱ्याला त्याचं उदाहरण दिलं, आणि त्यावरून त्यांच्याकडे दोन दिवस अबोला होता.

सातव्या महिन्यात एकदा तो बायकोला बाहेर बसवून एकटाच मॅडमच्या खोलीत आला. मी फाईल द्यायला आत उभी होते. फाईलच्या पहिल्या पानावर मॅडम तारीख लिहितात, तिथे त्याने बोट ठेवलं.

"मॅडम, ही तारीख पुढे ढकलता येईन का?"

मॅडमनी फाईलमधून मान वर न काढता सांगितलं, "आठवडाभर वाट बघू. त्याच्यापुढे मी थांबणार नाही."

त्याने टेबलाची कड धरली. "नंतर काय करसान?"

"सुई देऊ. काही त्रास होत नाही."

तो खाली बसला. खुर्ची नव्हती तिथे, सरळ फरशीवरच बसला. तेव्हा मॅडमनी मान वर केली. त्याने रडत रडत विचारलं, की बायकोला हे ठाऊक आहे का, आणि तिच्या आईला कोणी सांगायचं. मॅडमना काही कळेना, मला काही कळेना. मग माझं लक्ष त्याच्या बोटाकडे गेलं.

तिथे छापलं होतं, 'EXP. DT.' म्हणजे बाळाच्या येण्याची अपेक्षित तारीख. त्याच्या दुकानात प्रत्येक बाटलीवर तीच अक्षरं होती, आणि त्या तारखेनंतर काय होतं ते त्याला रोज दिसत होतं! बिचाऱ्याने तीन महिने हे कोणालाच सांगितलं नव्हतं. बायको जे मागेल ते आणून देत होता.

मॅडमनी त्या दिवशी सगळ्या फायलींवरची ती अक्षरं खोडायला लावली. त्याच्या बायकोला मुलगी झाली, तारखेच्या चार दिवस आधी. नंतर ती मला म्हणाली, "ताई, आधी किती जीव लावायचे हो. आता चपला माझ्या मलाच काढाव्या लागतात."

* * *

आणि आता हे. हे मी आजवर चहावरसुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही. नाव बदलते, बाकी काही बदलत नाही.

मनीषा नावाची एक बाई आठ वर्षं आमच्याकडे येत होती. पारोळ्याच्या पुढचं गाव, दहावी शिकलेली, शांत. मूल होत नव्हतं. इंजेक्शनं झाली, तपासण्या झाल्या, मुंबईला जाऊन आले. कपाटातली तिची फाईल सगळ्यात जाड. मग तीन वर्षांपूर्वी तिचं येणं थांबलं. अशा बायका यायच्या थांबतात, तेव्हा आम्ही कोणी कोणाला काही विचारत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एक दिवस तिची सासू अक्का एकटीच काउंटरवर आली. चेहरा असा उजळलेला, की मी आधी ओळखलंच नाही. कागदात बांधलेले पेढे माझ्यापुढे ठेवले आणि भरल्या ओपीडीत खणखणीत आवाजात म्हणाली, "ताई, मनीषानं ॲबॉर्शन करनं शे. आजच."

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. आठ वर्षं ज्या पोरीला मी या बाकावर रडताना पाहिलं, तिला दिवस गेले, आणि ही म्हणते पाडायचं? मी विचारलं, "अक्का, का पण?"

"काबरं म्हंजे? अंडेर शे ना!"

अंडेर म्हणजे मुलगी. ओपीडीतल्या सगळ्या बायकांनी वळून पाहिलं. अक्काच्या डोक्यामागेच भिंतीवर सरकारी नियमाचा बोर्ड होता, 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो गुन्हा आहे.' मी कसाबसा आवाज काढला, "मुलगी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"फोटो दखाडा ना त्यासनी, मोबाईलमा." अक्का हसली. "आज नही व्हयनं ते हातमाईन जाई."

आज नाही झालं तर हातातून जाईल म्हणे! नसीमआपांच्या हातातला ट्रे खाली पडला. त्या तडक मॅडमच्या खोलीत गेल्या. मॅडम बाहेर आल्या. बारा वर्षांत मी त्यांना एवढं चिडलेलं पाहिलं नव्हतं. त्या अक्काला सगळ्यांसमोर नको नको ते बोलल्या. तुम्ही स्वतः बाई ना, आठ वर्षं त्या पोरीने काय काय सोसलं ते तुम्ही पाहिलं ना, पेढे वाटता, लाज कशी वाटत नाही. मला म्हणाल्या, पोलिसांना फोन लाव. मी रिसीव्हर उचलला होता. खरं सांगते, नंबर फिरवायला मला जरासुद्धा वाईट वाटत नव्हतं.

अक्काचं हसू कधीच मावळलं होतं. ती सगळ्यांकडे एकेक करून बघत होती. मग मॅडमना हात जोडून म्हणाली, "मॅडम, पोर घर लई येनं पाप शे का?"

पोर घरी घेऊन येणं? मी मॅडमकडे पाहिलं. तेवढ्यात झेरॉक्स काढायला गेलेली मनीषा नवऱ्यासोबत आत आली. काय चाललंय ते तिला कळेना. तिने छातीशी धरलेली फाईल काउंटरवर ठेवली आणि वरचा कागद माझ्याकडे सरकवला. एका संस्थेचं पत्र होतं. त्याच्यासोबत मोबाईलवर आलेल्या फोटोची रंगीत प्रत. पाच महिन्यांची मुलगी, डोक्यावर टोपडं, एक मूठ तोंडात.

ॲडॉप्शन.

तीन वर्षं ते दोघं रांगेत होते. आता नंबर लागला होता, आणि आई-बाप निरोगी असल्याचं डॉक्टरचं ताजं सर्टिफिकेट संध्याकाळच्या आत पाठवायचं होतं. नाहीतर मुलगी यादीतल्या पुढच्या घरी जाणार होती. म्हणूनच एसटी स्टँडवर उतरल्या उतरल्या अक्का नंबर लावायला पुढे पळत आली होती. वाटेत सुनेकडून तो शब्द तिने पाठ करून घेतला होता.

मी रिसीव्हर खाली ठेवला. मॅडम अक्काच्या शेजारी बाकावर बसल्या. त्यांनी नुसता अक्काचा हात हातात घेतला आणि मान खाली घालून बसून राहिल्या. अक्काच शेवटी म्हणाली, असू द्या, मॅडम, तुम्ही पोरीसाठीच भांडल्या ना. नसीमआपा खाली सांडलेल्या सुया गोळा करत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या.

मग मॅडम उठल्या. दोघांना तपासलं. बीपी, शुगर, सगळे रिपोर्ट पाहिले. मला म्हणाल्या, लगेच टाइप कर, बाकीचे पेशंट थांबतील. अक्षर न् अक्षर बरोबर हवं, यावर तिकडे निर्णय होणार आहे. बारा वर्षांत माझी एक चूक निघालेली नाही, त्यामुळे त्यांनी मागे उभं राहून बघितलं नाही. मी सगळं इंग्रजीत टाइप केलं. नावं, वय, पत्ता, दोघांना कोणताही गंभीर आजार नाही, दोघं या कामासाठी शरीराने आणि मनाने योग्य आहेत. प्रिंट काढली. मॅडमनी चष्म्याआडून डोळे पुसत सही केली. मी शिक्का मारला आणि कागद मनीषाच्या हातात दिला.

दारात रिक्षा उभी होती. नवरा घाई करत होता, अक्का निघालीसुद्धा होती. मनीषा मात्र जागची हलली नाही. एकेका शब्दाखाली बोट ठेवत ती वाचत होती. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तिने कागद परत माझ्यासमोर ठेवला, आणि आजूबाजूच्या कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,

"ताई, दोन अक्षरं बदला. बी काढून डी करा, आणि आर काढून पी."